फोटोखालची ओळ : लोणारचं गुलाबी पाणी आणि पोर्टफोलिओतला प्रामाणिकपणा

संशोधनाच्या तयारीत असाल, तर आज ना उद्या तुम्हाला फोटोंची एक फाईल तयार करावीच लागणार आहे. कोणी पीएचडीच्या मुलाखतीला फिल्डवर्कचे फोटो घेऊन जातं, कोणी फेलोशिपच्या अर्जाला सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमा जोडतं, तर कोणाला एखाद्या छायाचित्र स्पर्धेसाठी आपले दहा फोटो निवडायचे असतात. या फाईलला आपण पोर्टफोलिओ म्हणतो. 'हे मी पाहिलं, हे मी केलं' असं समोरच्याला सांगणारा निवडक कामाचा संच, एवढाच त्याचा साधा अर्थ. तो देखणा कसा करायचा हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. तो खरा कसा ठेवायचा, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. गाईडलाही त्यासाठी वेळ नसतो.

म्हणून आज थोडा इतिहास बघू. नियम शेवटी सांगणार आहेच, पण नुसते नियम पाठ केले तर ते परीक्षेपुरते राहतात. ते कुठल्या चुकांमधून आले हे कळलं, तर फाईल तयार करताना हात आपोआप थांबतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'फोटोशॉप केलं म्हणजे खोटं आणि न केलेलं ते खरं' असं आपण सरसकट मानतो. इतिहास बघितला तर ही विभागणी टिकत नाही. जराही हात न लावलेला फोटो दिशाभूल करू शकतो, आणि पूर्ण जुळवून बनवलेली प्रतिमा प्रामाणिक असू शकते. फरक पडतो तो फोटोखालच्या ओळीने. बहुतेक वेळा फसवणूक त्या ओळीत असते, किंवा तिथे जे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, त्यात असते.

लोणार, जून २०२०

सुरुवात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून करू. लोणारचं विवर तुम्हाला माहीत आहेच. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आणि त्यात खारं, अल्कधर्मी पाणी. एरवी हे पाणी हिरवट दिसतं. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, ते गुलाबी झालं. दोन-तीन दिवसांत त्याचे फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून जगभरातल्या वर्तमानपत्रांत पोचले.

मग तर्कांना ऊत आला. कोणी प्रदूषण म्हणालं, कोणी शेवाळ म्हणालं, कोणी दैवी संकेत म्हणालं. वनविभागाने पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितलं, की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हे जीव भरपूर वाढले. त्यांच्या पेशींमध्ये गुलाबी-तांबडं रंगद्रव्य असतं.

या तपासणीतली एक गोष्ट बातम्यांच्या गर्दीत मागे पडली आणि आपल्यासाठी तीच सगळ्यांत कामाची आहे. पाण्याचा नमुना काही काळ न हलवता ठेवला, तेव्हा गुलाबी जैवभार तळाशी बसला आणि वरचं पाणी पारदर्शक झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या जीवांचा होता.

आता कल्पना करा, की ही बाटली तुमच्या टेबलावर आहे. नमुना आल्याबरोबर फोटो काढला तर गुलाबी पाणी दिसेल. बराच वेळ स्थिर ठेवून काढला तर वर स्वच्छ पाणी आणि तळाशी गाळ दिसेल. दोन्ही फोटो खरे आहेत आणि दोन्हींत एका पिक्सेललाही हात लावलेला नाही. पण पोर्टफोलिओत फक्त पहिला लावला आणि खाली 'लोणारचं पाणी' एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की पाणीच रंगीत आहे. फक्त दुसरा लावला तर वाटेल, गुलाबी रंगाची बातमी थाप होती. फोटो निवडणं हाही एक फेरफारच आहे आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरला पकडता येत नाही.

त्याच जूनमध्ये हे काम नीट कसं करतात याचंही एक उदाहरण समोर आलं. अमेरिकेच्या नासा संस्थेने लँडसॅट-८ उपग्रहाच्या दोन प्रतिमा प्रसिद्ध केल्या : एक २५ मेची आणि एक १० जूनची. पहिलीत हिरवं सरोवर, दुसरीत गुलाबी. या दोन तारखांमध्ये बरोबर १६ दिवसांचं अंतर आहे, कारण लँडसॅट-८ त्याच जागेवर १६ दिवसांनी परत येतो. नुसती गुलाबी प्रतिमा दिली असती तरी ती तेवढीच गाजली असती. जोडी दिल्यामुळे बदल दिसला, आणि बदल किती दिवसांच्या आत झाला हेही कळलं.

शिवाय या प्रतिमा 'नैसर्गिक रंगातल्या' आहेत असं सोबत सांगितलेलं होतं. हे सांगणं गरजेचं का? उपग्रहाचा संवेदक प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्या स्वतंत्र मोजतो. लाल, हिरवी आणि निळी पट्टी त्या-त्या रंगात दाखवली, की आपल्या डोळ्यांना दिसतं त्याच्या जवळपासचं चित्र मिळतं. अवरक्त पट्टी लाल रंगात दाखवली, की हिरवंगार रान लालभडक दिसतं. अशा प्रतिमेला छद्मरंगी म्हणतात आणि पिकं, जंगल, पाणी यांच्या अभ्यासात ती रोज वापरली जाते. तिच्यात खोटं काही नाही. पण पट्ट्या कोणत्या हे न लिहिता ती लावली, तर बघणारा म्हणेल, जंगलाला आग लागली वाटतं.

गोल आहे, म्हणून उल्का?

लोणारकडूनच अजून एक धडा घेऊन पुढे जाऊ. विवराचा वरून काढलेला फोटो पाहिला की गोल आकार लगेच डोळ्यांत भरतो आणि आपण म्हणतो, बघा, उल्का पडली. पण गोल खड्डा ज्वालामुखीनेही होतो. दख्खनचं पठार तर लाव्हाचंच बनलेलं आहे. त्यामुळे हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बराच काळ चालला. निकालाकडे नेणारा मोठा पुरावा १९७३ मध्ये सायन्स या नियतकालिकातल्या शोधनिबंधात आला. विवरातल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. प्रचंड दाबाचा धक्का बसला की फेल्डस्पार खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत एवढा दाब तयार होत नाही.

म्हणजे आकाराचा फोटो इतकी वर्षं सगळ्यांसमोर होता, पण तो पुरावा नव्हता. पुरावा खडकाच्या कणांत होता. तुमच्या पोर्टफोलिओत असा एक तरी फोटो असतोच, जो देखणा असतो आणि ज्याच्याखाली त्याच्या लायकीपेक्षा मोठा दावा लिहिलेला असतो. 'पिकावर रोग पसरला' असं लिहिलेलं असतं आणि फोटोत एक पान असतं. एका पानाच्या फोटोखाली 'या पानावर असे डाग दिसले' एवढंच लिहिता येतं. रोग पसरला हे सांगायला मोजणी लागते.

मुंबई, १८६३ : उचलून ठेवलेली माणसं

आता मागे जाऊ. फोटोंचे तुकडे जोडून चित्र बनवणं ही संगणकाच्या काळातली गोष्ट आहे असं वाटत असेल, तर मुंबईचं हे उदाहरण बघा.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. विल्यम जॉन्सन हा इंग्रज फोटोग्राफर तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याने विल्यम हेंडरसनबरोबर १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाची मालिका काढली. तिच्यात पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पोशाखासह फोटो असायचे.

पुढे जॉन्सनने लंडनहून एक मोठं पुस्तक काढलं. 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हे त्याचं नाव. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. भारतातल्या लोकांवरच्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्र-ग्रंथांत ते मोजलं जातं. यातले बरेच फोटो आधीच्या मालिकेतलेच होते, पण एक बदल झाला होता. माणसांच्या आकृती मूळ फोटोंतून वेगळ्या काढून दुसऱ्याच देखाव्यांवर बसवल्या होत्या. एका ठिकाणी उभ्या राहिलेल्या माणसामागे भलत्याच ठिकाणची इमारत किंवा निसर्ग आला. मूळ फोटो आणि पुस्तकातला फोटो शेजारी ठेवला की हे सरळ दिसतं. बारकाईने पाहिलं तर आकृतीची कड आणि उजेडाची दिशाही जुळत नाही.

जॉन्सन लबाड होता असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण त्या काळची अडचण समजून घ्या. कॅमेरे अवजड, काचेच्या ओल्या पट्ट्या, एक्स्पोजरला कित्येक सेकंद. माणसं आणि मागचा देखावा दोन्ही नीट येतील असा फोटो बाहेर काढणं अवघड होतं. फोटो जोडणं तेव्हाच्या छायाचित्रकलेत मान्य होतं आणि युरोपात त्याचं कौतुकही होत होतं. चित्र म्हणून कोणी असं जोडकाम केलं तर त्याला हरकत कशाला घ्यायची?

हरकत घ्यायची ती जागेमुळे. हे पुस्तक चित्रसंग्रह म्हणून आलं नाही. 'मुंबईतले लोक असे असतात' अशी माहिती देणारा ग्रंथ म्हणून आलं. वाचणारा लंडनमध्ये बसलेला. त्याने मुंबई पाहिलेली नाही, त्यामुळे त्याला पडताळून बघण्याची काही सोय नाही. त्याच्या दृष्टीने त्या माणसाचं घर, रस्ता, परिसर तोच, जो फोटोत मागे दिसतो. पोर्टफोलिओ बघणारा परीक्षकही नेमका याच जागी असतो. तुम्ही गेलात तिथे तो गेलेला नाही. तुम्ही त्याला जे दाखवाल आणि सांगाल, तेवढंच त्याच्या हातात असतं.

मुंबईचीच व्यक्ती, पुन्हा एकदा उचललेली

यानंतर दीडशे वर्षांनी काय झालं बघा.

अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क हिने १९७८ मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत राहून फोटो काढले. १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ते जगभर गाजलं. २०१७ मध्ये सौविद दत्ता या तरुण, पुरस्कार मिळालेल्या छायाचित्रकाराचा कोलकात्याच्या सोनागाची वस्तीतला एक फोटो चर्चेत आला. त्या फोटोत मागे बसलेली व्यक्ती मार्कच्या मुंबईच्या फोटोतून घेतलेली होती. ही गोष्ट एका वाचकाच्या लक्षात आली आणि ती प्रसिद्ध झाल्यावर दत्ताने टाइम मासिकाला दिलेल्या मुलाखतीत ते कबूल केलं. दुसऱ्यांचे काही फोटो स्वतःचे म्हणून दाखवल्याचंही त्याने मान्य केलं.

जॉन्सनचं आणि हे प्रकरण शेजारी ठेवा. तंत्र बदललं. काचेच्या पट्टीच्या जागी संगणक आला. कृती तीच राहिली : एका जागेवरचा माणूस उचलून दुसऱ्या जागी बसवायचा आणि ओळीत ते लिहायचं नाही. फरक एवढाच, की दत्ताच्या बाबतीत अजून एक गोष्ट त्यात आली. काम कोणाचं, हेही लपवलं गेलं.

मधल्या काळातलंही एक उदाहरण प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. मूळ फोटो आडवा होता, मुखपृष्ठ उभं. म्हणून संगणकाने पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले. मासिकावर पुष्कळ टीका झाली. 'फोटोग्राफर थोडा बाजूला सरकला असता तरी असंच दिसलं असतं' हा बचाव वाचकांना पटला नाही. कारण सरकलेला फोटोग्राफर तिथून दिसलं ते दाखवतो, आणि सरकवलेला पिरॅमिड कुठूनच तसा दिसत नाही.

युक्ती केली, पण लपवली नाही

आता उलटं उदाहरण, तेही मराठी माणसाचं. दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन १९१२ मध्ये परतले. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल लागत होतं आणि सिनेमा म्हणजे काय हे पैसे लावणाऱ्यांना दाखवायचं होतं. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ होत असताना दिवसामागून दिवस त्याचे फ्रेम टिपले. ते सलग दाखवले तेव्हा महिनाभराची वाढ एका मिनिटाच्या आसपास पडद्यावर दिसली. पैसे मिळवण्यासाठी दाखवलेला हा त्यांचा पोर्टफोलिओच म्हणा ना.

वाटाणा एका मिनिटात उगवत नाही. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर ही प्रतिमा 'खोटी' आहे. पण बघणारा फसला का? नाही. काळ दाबून दाखवला आहे हे त्याला माहीत होतं, किंबहुना तेच तर बघायला तो बसला होता. आज जीवशास्त्रात पेशींच्या हालचाली नेमक्या याच पद्धतीने दाखवतात आणि कोपऱ्यात वेळ लिहितात. ती वेळ काढून टाका, म्हणजे तीच चित्रफीत दिशाभूल करायला लागेल.

प्रयोगशाळेत हे नियम कसे आले

तुम्ही म्हणाल, आम्ही काही प्रेस फोटोग्राफर नाही, आमच्या जेलच्या आणि स्लाइडच्या फोटोंशी याचा काय संबंध? सरळ संबंध आहे.

डिजिटल प्रतिमा आल्या तशी प्रयोगशाळेतल्या फोटोंमध्येही साफसफाई सुरू झाली. नको असलेली पट्टी पुसायची, फिकट पट्टी गडद करायची, दोन वेगळ्या जेलचे तुकडे एका रांगेत लावायचे. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतल्या प्रतिमा तपासायला सुरुवात केली. २००४ मध्ये तिथल्या माइक रॉसनर आणि केनेथ यामाडा यांनी या विषयावर एक लेख लिहिला, तो आजही आवर्जून वाचावा असा आहे. त्यातला गाभा आपल्या भाषेत असा : प्रतिमेतला एखादाच भाग उठावदार करायचा नाही, झाकायचा नाही, हलवायचा नाही, काढायचा नाही, नवा घालायचा नाही. उजेड किंवा कॉन्ट्रास्ट बदलायचा तर पूर्ण प्रतिमेला सारखा, आणि मूळ माहिती दडणार नाही एवढाच. वेगवेगळ्या प्रतिमांचे तुकडे एकत्र लावले तर मध्ये रेघ दाखवायची.

ही यादी जॉन्सनच्या पुस्तकाशी ताडून बघा. हलवणं, काढणं, नवं घालणं, सगळं तिथे सापडतं. मध्ये एक रेघ किंवा खाली एक ओळ असती, तर आज आपण त्या पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं.

प्रश्न किती मोठा आहे? एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४० नियतकालिकांतले २०,६२१ शोधनिबंध डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्के निबंधांमध्ये प्रतिमांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. सगळीच लबाडी होती असं नाही. काही ठिकाणी फायलींची अदलाबदल झाली असणार. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम सारखाच.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे आपल्याकडे प्रामाणिकपणा म्हणजे 'साम्य किती टक्के आलं' एवढाच अर्थ झाला आहे. पण ती टक्केवारी शब्दांची असते. दुसऱ्याच्या पोस्टरवरून घेतलेला लोणारचा फोटो तुमच्या फाईलमध्ये असला, तर टक्का शून्यच येईल. तिथे राखण करणारं कोणी नाही, तुम्हीच आहात.

माणसांचे फोटो असतील तर

जॉन्सनच्या पुस्तकातली अजून एक गोष्ट राहिली. त्यातल्या बहुतेक माणसांना नाव नाही. खाली जातीचं किंवा समाजाचं नाव आहे. समोर एक माणूस उभा होता आणि छापून आला तो एक नमुना.

आता आपल्या फाईली बघा. आपण बुलढाण्यात, वाशीममध्ये, यवतमाळमध्ये सर्वेक्षणाला जातो. शेतातल्या बाईचा फोटो काढतो आणि खाली लिहितो 'लाभार्थी', 'कोरडवाहू शेतकरी', 'आत्महत्याग्रस्त कुटुंब'. हा शब्द तिच्या फोटोखाली लागणार आहे हे तिला माहीत होतं का? फोटोला ती 'काढा ना' म्हणाली असेल, पण त्या शब्दाला तिने होकार दिला नव्हता. संमती घ्यायची ती फोटो आणि ओळ दोन्हींसाठी. घरी कोणी वाचून दाखवणारं असेल का हा विचार न करता, तिथेच तिच्या भाषेत सांगा : 'मावशी, हा फोटो विद्यापीठात दाखवणार आहे, खाली असं असं लिहिणार आहे. चालेल का?' ती नाही म्हणाली तर फोटो फाईलमध्ये जाणार नाही. आणि नाव छापल्याने तिला त्रास होणार असेल, तर नाव न देणं हीच तिची कदर. चेहराही दिसायला नको असेल तर हातांचा, अवजाराचा, शेताचा फोटो घ्या.

मग ओळीत लिहायचं काय?

सोपी कसोटी सांगतो. लोणारच्या एकाच फोटोखाली दोन प्रकारे लिहून बघू.

पहिली ओळ : 'लोणार सरोवर, बुलढाणा.'

दुसरी ओळ, नमुन्यादाखल : 'लोणार सरोवर, जि. बुलढाणा, १२ जून २०२०, सकाळी ८. तात्पुरत्या रंगबदलाच्या काळातलं दृश्य. एरवी पाणी हिरवट दिसतं. विवराच्या कडेवरून, मोबाईलच्या नेहमीच्या सेटिंगवर. पूर्ण फोटोचा उजेड थोडा वाढवला आहे. छायाचित्र : अर्जदार.'

पहिल्या ओळीत एकही शब्द खोटा नाही, तरीही ती वाचून कोणी लोणारला गुलाबी तळं बघायला येईल आणि हिरवं पाणी बघून परत जाईल. दुसरी ओळ थोडी लांब आहे, पण तिच्यात पाच गोष्टी आल्या :

१. कुठे आणि केव्हा. वर्ष तर हवंच, जमल्यास तारीख आणि वेळही.
२. हे नेहमीचं दृश्य आहे की अपवाद.
३. कशाने काढलं. सूक्ष्मदर्शक असेल तर मोजपट्टी आणि रंजक, उपग्रह असेल तर पट्ट्या.
४. काय बदललं. कापलं, जोडलं, उजळलं, रंग बदलले, जे असेल ते.
५. कोणाचं. गटाचं काम असेल तर तुमचा वाटा किती. दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव आणि परवानगी. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आकृती असेल तर तसं स्पष्ट.

'मोबाईलच्या नेहमीच्या सेटिंगवर' हे मुद्दाम लिहिलं आहे. 'मी काहीच बदललं नाही' असं आपण म्हणतो, पण फोनने बदललेलं असतं. तो आपणहून आकाश निळं करतो, सावल्या उजळवतो, कडा धारदार करतो. रंग हाच तुमच्या अभ्यासाचा विषय असेल, तर शक्य असल्यास रॉ फाईल ठेवा आणि फ्रेममध्ये एक पांढरा कागद तरी येऊ द्या. मूळ फाईल कधीही पुसू नका, बदल करायचे ते प्रतीवर करा. जागतिक पातळीवरच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या टप्प्यांतल्या छायाचित्रकारांकडून मूळ फायली मागतात. २०१५ मध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत पोचलेल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद झाल्या होत्या. मूळ फाईल हातात असेल तर मुलाखतीत कोणीही 'दाखवा' म्हटलं तरी घाम फुटत नाही.

आता एक खरी अडचण. एवढं लिहिलं की पोर्टफोलिओ फिका पडतो. शेजारच्याने रंग चढवून, ओळ न लिहिता फोटो लावलेले असतात आणि परीक्षक एकेका पानावर अर्धा मिनिट थांबतो. प्रामाणिक ओळीमुळे तुमची निवड हुकणारच नाही, अशी खात्री मी देऊ शकत नाही. कधी हुकेलही. पण हे फोटो निवड समितीपाशी संपत नाहीत, हे लक्षात ठेवा.

ब्रिटिश काळात हेन्री कझन्स याने पुरातत्त्व खात्यासाठी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांची नोंद केली. १९३१ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचाही समावेश आहे. देवळाचा कोणता भाग तेव्हा कसा होता, हे विचारायला आज अभ्यासक अशा जुन्या नोंदींकडेच जातात. पण सरोवराच्या रंगाबद्दल त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना काही विचारता येत नाही. रंगाचा इतिहास शोधायचा तर उपग्रहाच्या प्रतिमा आहेत. लँडसॅटची मालिका १९७२ पासूनची आहे आणि २००८ पासून ती सगळ्यांना फुकट मिळते. पण उपग्रह ठराविक दिवसांनीच येतो आणि पावसाळ्यात त्याला ढग आडवे येतात. मधल्या दिवसांचं काय? ते दिवस गावातल्या, कॉलेजातल्या, सहलीला आलेल्या लोकांच्या मोबाईलमध्ये आहेत. २०२० मध्येच लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. म्हणजे या पाण्याचा अभ्यास पुढेही होत राहणार. उद्या कोणी विचारेल, की पाण्याचा रंग कोणत्या दिवशी बदलायला लागला आणि कोणत्या दिवशी परत हिरवा झाला? तेव्हा तारीख लिहिलेला, रंग न चढवलेला साधा फोटो पुरावा म्हणून कामाला येईल. बाकीचे शेकडो सुंदर फोटो त्याला काही सांगू शकणार नाहीत.

आज रात्री एक काम करा. तुमच्या फाईलमधले कोणतेही पाच फोटो काढा आणि प्रत्येकाखाली वरच्या पाच गोष्टी लिहून बघा. ज्या फोटोखाली एखादी गोष्ट लिहिताना पेन अडखळेल, तो फोटो बाजूला ठेवा. त्याची ओळ पूर्ण लिहिता आली तर परत आत घ्या, नाही आली तर त्याच्याशिवायच फाईल पाठवा.